उशाशी बसलेल्या सावित्रीबाई

दर वर्षी ३ जानेवारीस आणि १० मार्चला आपल्या वसतिगृहातील मुले-मुली सावित्रीबाई फुले यांच्यावर भाषणे करतात. नायगाव, भिडेवाडा, अंगावर पडणारे शेण, बरोबर नेलेले दुसरे लुगडे, बालहत्या प्रतिबंधक गृह, दुष्काळ आणि प्लेग असा क्रम बहुधा ठरलेला असतो. त्यात शेवटाकडे एक वाक्य येते : जोतीरावांना अर्धांगवायू झाला आणि सावित्रीबाईंनी त्यांची सेवा केली. पुढच्याच वाक्यात जोतीराव निवर्ततात. मधल्या एवढ्याशा जागेत दोन वर्षे आणि चार महिने गेलेले असतात. या लेखात आम्ही त्या दोन वर्षे चार महिन्यांपाशी जरा अधिक वेळ थांबणार आहोत. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकड्यांतील अनेकांच्या घरी आज आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना शिक्षिका सावित्रीबाई ठाऊक आहेत. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या सावित्रीबाईंची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या व जोतीराव तेरा वर्षांचे होते. जोतीराव तान्हेपणीच आईला पारखे झाले होते आणि त्यांना सगुणाबाई क्षीरसागर यांनी वाढविले होते. सावित्रीबाई अक्षरे शिकल्या त्या सासरी, नवऱ्याकडून. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, आणि त्यापायी उभयतांना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. १८५४ मध्ये 'काव्यफुले' हा त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. हा सारा इतिहास वाचकांना पाठ आहे, म्हणून तो आम्ही विस्ताराने सांगत नाही.

विस्ताराने सांगावी अशी गोष्ट १८५६ सालची आहे. त्या वर्षी सावित्रीबाई आजारी पडल्या आणि बरे होण्यासाठी माहेरी नायगावला जाऊन राहिल्या. तेथून १० ऑक्टोबर रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. भावाने आपल्या आजारात फार कष्ट घेऊन शुश्रूषा केली हे त्या पत्रात त्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे, आणि आपल्या गैरहजेरीत पुण्यात शाळेचा भार एकट्या फातिमावर पडत असेल याची काळजीही व्यक्त केली आहे. याच भावाने, महार-मांगांसाठी काम करता म्हणून वाळीत पडला आहात, ते काम सोडा, असा उपदेशही बहिणीला केला होता, आणि बहिणीने त्याला तेथल्या तेथे उत्तर दिले होते. तो भाऊ मताने विरोधी होता आणि हाताने सेवा करणारा होता. आजारी माणसाला दुसऱ्याच्या हाताची किती गरज असते हे सावित्रीबाईंनी पंचविसाव्या वर्षी स्वतः अंथरुणावर पडून अनुभवले होते. पुढे बत्तीस वर्षांनी त्या जेव्हा उशाशी बसल्या, तेव्हा अंथरुणाच्या दुसऱ्या बाजूची ओळख त्यांना आधीच झालेली होती.

मधल्या काळात गंज पेठेतील त्यांचे घर हे निव्वळ घर राहिले नव्हते. तेथे बाहेरगावची मुले शिकण्यासाठी राहत. आपल्यासारख्या वसतिशाळेच्या वाचकांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते की, त्या मुलांचे जेवणखाण, दुखणेखुपणे सावित्रीबाईच पाहत असत, आणि त्या घरात राहून गेलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे त्यांची माया आईच्या मायेहून अधिक असल्याची आठवण लिहून ठेवली. १८६३ पासून फसविल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली होऊ लागली. त्यांतलीच एक काशीबाई. तिचा मुलगा यशवंत या दांपत्याने १८७४ च्या सुमारास दत्तक घेतला. १८६८ मध्ये घरातील पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७७ च्या दुष्काळात जुन्नर-ओतूर भागात सावित्रीबाई सत्यशोधक मंडळींबरोबर अन्नछत्रांच्या कामात होत्या. बाळंतिणी, तान्ही मुले, उपाशी माणसे यांच्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. जखम पाहून तोंड फिरवणे, वास आला म्हणून पदर नाकाला लावणे, हे त्यांच्या हातून कधीच सुटून गेले असले पाहिजे.

त्या घरातील पती-पत्नींच्या बोलण्याची एक आठवण महादू सहादू वाघोले यांनी सांगितली आहे. सावित्रीबाई जोतीरावांना शेटजी म्हणत आणि जोतीराव त्यांना अहो-जाहो करीत. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात बायकोला अहो म्हणणारा नवरा विरळाच. ही आठवण आम्ही येथे देतो याला कारण आहे. सावित्रीबाईंनी केलेल्या शुश्रूषेचे वर्णन करताना काही वक्ते नावाच्या साम्यावरून पुराणातील सावित्रीला सभेत आणून उभी करतात आणि पतिव्रताधर्माचा गौरव करतात. आम्हास ते रुचत नाही. यमाच्या मागे जाऊन पतीचे प्राण परत आणणारी ती सावित्री वेगळी. गंज पेठेतील या सावित्रीला यम परतणार नाही हे ठाऊक होते, आणि तरीही औषधाची वेळ चुकवायची नव्हती. चाळीस वर्षे एका कामात खांद्याला खांदा लावून राबलेल्या सोबत्याचा एक खांदा निकामी झाला, तेव्हा दुसऱ्याने दोघांचा भार उचलला, असे आम्ही त्या काळाकडे पाहतो.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभागृहात जोतीरावांचा मोठा सत्कार झाला आणि लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. जोतीराव एकसष्ट वर्षांचे, सावित्रीबाई सत्तावन्न वर्षांच्या आणि यशवंत अजून शिकणारा पोर होता.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. अर्धे अंग गेलेल्या माणसाला स्वतःची कूस बदलता येत नाही. दर काही तासांनी कोणीतरी ती बदलून द्यावी लागते. नाही दिली तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि त्या भरून येत नाहीत. घास भरवताना तो गालाच्या लुळ्या बाजूस साठतो, घाई केली तर ठसका लागतो. मलमूत्राचे भान आणि अंगाचे बळ यांचा मेळ राहत नाही. आखडत जाणारे हातपाय तेल लावून रोज हलवावे लागतात. रात्री उठावे लागते, आणि दिवस नेहमीच्या वेळीच उगवतो. आजही या व्याधीत औषधापेक्षा शुश्रूषेचाच वाटा मोठा असतो. तेव्हा तर रक्तदाब मोजण्याचे साधनसुद्धा वैद्यकाच्या रोजच्या वापरात नव्हते. जोतीरावांवर उपचार करणारे डॉ. विश्राम रामजी घोले हे पुण्यातील नामांकित शल्यविशारद आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. त्यांनी मनापासून उपचार केले आणि जोतीराव त्या पहिल्या झटक्यातून वाचले. पण डॉक्टर येतो आणि जातो. उरलेले सगळे तास घरातल्या माणसाचे असतात.

सावित्रीबाईंची जी तीन पत्रे आज आपल्यापुढे आहेत ती १८५६, १८६८ आणि १८७७ सालची, म्हणजे त्या जोतीरावांपासून दूर असतानाची. नायगावहून एक, आंतरजातीय प्रेमात सापडलेल्या गणेश आणि शारजा यांचा जीव गावकऱ्यांच्या हातून कसा वाचविला ते सांगणारे एक, आणि दुष्काळी भागातून एक. पत्र लिहिण्यासाठी अंतर लागते. १८८८ नंतर ते उरलेच नाही. जी माणसे एका खोलीत, एका कण्हण्याच्या अंतरावर राहतात, त्यांच्यात पत्रव्यवहार होत नाही.

त्या दिवसांची सर्वांत मोठी साक्ष म्हणजे एक ग्रंथ. उजवा हात गेला तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. प्रस्तावनेखाली १ एप्रिल १८८९ ही तारीख आहे. म्हणजे झटक्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, एकसष्टाव्या वर्षी, अनोळखी हाताने, एका विचारवंताने आपला अखेरचा ग्रंथ सिद्ध केला. जोतीरावांच्या निश्चयाचे हे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण लेखणी डाव्या हातात असली की कागद धरायला दुसरा हात उरत नाही. बसते करायला कोणीतरी लागते, दौत जवळ आणायला कोणीतरी लागते, थकवा आला की लेखणी काढून घ्यायलाही कोणीतरी लागते. त्या घरात ही माणसे म्हणजे सावित्रीबाई आणि यशवंत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जोतीरावांचे नाव आहे, आणि ते तसेच असावे. पण प्रत्येक पानाआड एक धुतलेले अंग आणि झटकलेले अंथरूण आहे, हे विसरू नये.

त्या ग्रंथाविषयी आणखी एक गोष्ट. मृत्यूच्या छायेत असलेल्या या माणसाने त्यात विवाहाबरोबरच प्रेतसंस्काराचाही विचार केला आहे. भट-पुरोहितावाचून माणसाला निरोप कसा द्यावा, हे तो मनुष्य लिहीत होता, आणि तो निरोप जिला द्यायचा होता ती शेजारीच वावरत होती. आपल्या घरांत मरणाची गोष्ट रुग्णासमोर काढणे अशुभ मानतात. डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्यापासून लपवतात, त्याची इच्छा विचारीत नाहीत आणि तो गेल्यावर ती काय असावी यावरून भांडतात. फुले यांच्या घरी तसे नव्हते. आजार येण्याच्या एक वर्ष आधी, जुलै १८८७ मध्येच, जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताला वारस नेमले होते. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, ही त्यांची इच्छाही घरात माहीत होती आणि त्यासाठी घरामागे जागाही तयार होती.

आजारपणातच, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, यशवंताचा विवाह ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाला. अंथरुणावरच्या बापाला मुलाचे लग्न पाहता आले. हडपसरच्या ससाणे यांचे नाव या कथेत पुन्हा एकदा यायचे आहे.

पैशाची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण आजारपणाच्या गौरवगाथांतून ती नेहमी वगळली जाते. एके काळी जोतीराव बांधकामाचे ठेकेदार होते आणि पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. मिळकत होती ती शाळा, वसतिगृह, बालहत्या प्रतिबंधक गृह आणि समाज यांत गेली. सावित्रीबाई घरी आलेल्या गरीब बायकांना अंगावर लुगडे दिल्यावाचून धाडीत नसत आणि खर्चाबद्दल विचारले तर, जाताना बरोबर काय न्यायचे आहे, अशा अर्थाचे हसून बोलत, अशीही वाघोले यांची आठवण आहे. झटका आल्यानंतर कमावणारा हात थांबला, औषधपाणी आणि यशवंताचे शिक्षण मात्र सुरू राहिले. जुलै १८९० मध्ये जोतीरावांचे जुने स्नेही मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र पाठवून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. त्या पत्रात त्यांनी जोतीरावांहूनही त्यांच्या पत्नीची थोरवी अधिक सांगितली. मदत आली, पण ती पाहायला जोतीराव राहिले नव्हते. शुश्रूषा करणाऱ्याला त्या वेळी हवे असतात दुधाचे आणि औषधाचे पैसे. कौतुकाची पत्रे आणि मदतीच्या रकमा बहुधा उशिराच पोहोचतात.

येथे विनयपिटकातील एक प्रसंग आम्हास आठवतो, जो आपल्या मुलांनी अनेकदा ऐकला आहे. अतिसाराने आजारी झालेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडलेला होता आणि सोबतचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले, आणि मग भिक्षुसंघाला विचारले की, आईबाप मागे सोडून आलेले तुम्ही एकमेकांची शुश्रूषा करणार नसाल तर ती कोण करील? त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुणही सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य आणि कुपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने त्याने सेवा करावी, मलमूत्राची किंवा वांतीची किळस मानू नये, आणि वेळोवेळी रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे. सावित्रीबाईंनी हे वाचले होते असे आम्ही म्हणत नाही. पण जोतीरावांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना, या दोन चित्रांतील साम्य दिसल्यावाचून राहणार नाही.

१८९० चा पावसाळा सरला तेव्हा जोतीरावांची प्रकृती ढासळत गेली. नोव्हेंबरच्या अखेरीस आता फार दिवस नाहीत हे घरात सर्वांना कळून चुकले. २७ तारखेची मध्यरात्र उलटून गेल्यावर, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, सावित्रीबाई आणि यशवंत जवळ असताना जोतीरावांनी प्राण सोडला.

बहुतेक घरांत शुश्रूषा येथे संपते आणि पुरुष मंडळी पुढचे हाती घेतात. फुले यांच्या घरी मात्र पहाटेच दोन अडचणी उभ्या राहिल्या. राहत्या वस्तीत देह पुरण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. मिठाची, मातीची इच्छा बाजूला ठेवून दहनाची तयारी करावी लागली. दुसरी अडचण घरच्यांचीच होती. अंत्ययात्रेत जो टिटवे धरतो तोच वारस, अशी रूढी. यशवंत दत्तक, त्यातून विधवेच्या पोटचा. त्याने टिटवे धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले. देह अंगणात आणि वाद दारात, असा तो प्रसंग होता.

सावित्रीबाईंनी वाद घातला नाही. त्या पुढे झाल्या, टिटवे स्वतःच्या हातात घेतले आणि अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या. ज्या काळी बाईने स्मशानाची वाट धरायची नसे, त्या काळी पुण्याच्या रस्त्यावरून एक साठीला आलेली बाई नवऱ्याच्या अंत्ययात्रेपुढे टिटवे घेऊन चालत गेली, आणि चितेला अग्नीही तिनेच दिला. या कृतीचे क्रांतिकारकत्व आम्ही सर्वजण मानतो. त्याबरोबरच आम्हास आणखी एक साधी गोष्ट त्यात दिसते. दोन वर्षे चार महिने ज्या हातांनी कूस बदलली, घास भरविला, अंग पुसले, त्याच हातांनी अखेरचे काम केले. कोणा भाऊबंदाने मधेच येऊन ते काढून घ्यावे, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. पुढे अस्थी घरी आणून वाड्याच्या आवारात समाधी बांधण्यात आली. ती आजही पुण्यात फुलेवाड्यात आहे. आपल्या शाळेच्या सहली तेथे जातात तेव्हा मुलांनी समाधीजवळची ही जागा पाहावी.

१८९१ मध्ये यशवंताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून प्रसिद्ध केले. सावित्रीबाई सत्यशोधक समाजाच्या कामात राहिल्या. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. सून १८९५ मध्ये वारली. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मुंबईत गाठीचा प्लेग आला. १८९७ च्या आरंभी तो पुण्यात पसरला होता. पुढे रँडच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घरोघर शिरून रोगी शोधू लागले. लोक रोग्यांना लपवू लागले. बायको नवऱ्याजवळ जाईना, भाऊ भावाला शिवेना, अशी गावांची दशा झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखा सत्यशोधक कार्यकर्ता फेब्रुवारीत मुंबईत प्लेगनेच गेला.

यशवंत आता डॉक्टर झालेला होता आणि लष्कराच्या सेवेत होता. आईने त्याला बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर, त्याच्या सासरच्या माणसांच्या जागेत, रोग्यांसाठी दवाखाना उभा राहिला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोगी शोधून आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. त्या तेथे गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि चालत दवाखान्यात आणले.

त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. ज्याला सहा वर्षांपूर्वी बापाचे टिटवे धरू दिले गेले नव्हते, तो यशवंत आता डॉक्टर म्हणून आईच्या उशाशी होता. १० मार्च १८९७ रोजी रात्री सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याचा तो मुलगा बरा झाला.